हेमलताचं नाक

खंडेनवमीला रसायनांच्या गोदामात पूजा मांडली होती. पिंपांना माळा घातल्या होत्या. फोरमन म्हात्रे कापूर पेटवणार, तेवढ्यात तपासनीस वामनराव घरतांच्या हातातलं वासयंत्र थरथरलं.

“थांबा! गळती आहे.”

“साहेब, भिंतीवरचा मीटर शून्य दाखवतोय. तुमच्या यंत्रालाच सर्दी झाली असेल,” म्हात्रे म्हणाले. मागची वीस माणसं हसली.

वामनराव हसले नाहीत. त्यांची बायको हेमलता जाण्याआधी प्रयोगशाळेने तिची वास ओळखण्याची शक्ती या यंत्रात उतरवून घेतली होती. दूध खराब झालंय असं ती म्हणाली, की ते वाद घालून पिऊन टाकायचे आणि मग पोट धरून बसायचे.

“कापूर खिशात ठेवा. सगळे बाहेर चला.”

मास्क लावलेल्या दोघांनी पिंपं हलवली. चौथ्या पिंपाचं बूड माळेखाली थिनरने ओलं झालं होतं.

“काडी ओढणारच होतो हो मी,” म्हणत म्हात्र्यांनी काडेपेटी वामनरावांच्या हातात दिली.

आरती लांब, फाटकाबाहेर झाली. मग चहा आला. वामनरावांनी कप उचलताच यंत्र पुन्हा थरथरलं.

त्यांनी वाद न घालता कप खाली ठेवला.