बिनकानाचा कप

नवा तारबाबू रुजू झाला की बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतची स्टेशनं तारेवरून त्याचं स्वागत करत. किसनचंही केलं. यंत्र कडकट्ट करत राहिलं, पण त्याच खोलीत त्याचं आडनाव कळल्यापासून त्याच्यासाठी बिनकानाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला होता. अकोल्याचा तारबाबू भगवंत तारेवर रोज गप्पा मारी. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं, आडनावही विचारलं नव्हतं. "एकडाव घरी ये गड्या, एका ताटात जेवू," तो म्हणाला. सुट्टीच्या दिवशी किसन धुतलेला सदरा घालून फलाटावर आला. अकोल्याची गाडी लागली. त्याने डब्याच्या दांडीला हात लावला, तारेच्या खोलीच्या खिडकीतल्या कपाकडे पाहिलं आणि मागे फिरला. रिकाम्या खोलीत यंत्र बोलत होतं: "निंगाला का बे? बायकोनं तुह्यासाठी पोळ्या करून ठेवल्या." किसनने उलट कळवलं, "गाडी चुकली." समोर गाडी अजून उभीच होती.