अर्धं उत्तर

"कापलेली फांदी पाण्यात ठेवली की तिला पालवी फुटते. मग ती जिवंत म्हणायची की मेलेली?" मटार सोलता सोलता आईने विचारलं.

"जिवंत. आत साठवलेलं संपेपर्यंत." लेकीने वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही, पण कान टवकारले. ती सुटीला आल्यापासूनचा हा चौथा प्रश्न. परवा आईने विचारलं होतं, माणूस गार पडायला किती वेळ लागतो. काल विचारलं, नुसती शुद्ध हरपली असेल तर डॉक्टरला ते कळतंच का. आणि आज सकाळी, चहा गाळता गाळता, झोपेच्या गोळीने माणूस किती गाढ झोपू शकतो.

लेक गुन्ह्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. असले प्रश्न कुणी उगाच विचारत नाही, हे अकरा वर्षांत तिला पक्कं कळलं होतं. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. दोन वर्षं ते अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं आईनेच केलं, रात्रीची गोळीही तीच द्यायची. लेकीच्या मनात पाल चुकचुकत होती. सख्ख्या आईबद्दल असं मनात यावं, याची तिला लाजही वाटत होती.

"आणि काय गं," आई हातातल्या शेंगेकडे बघत म्हणाली, "माणूस गेल्यावर त्याची दाढी वाढते का?"

या प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांचं होतं. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांना ती दर वर्षी दोन्ही वाक्यं सांगायची. आज तिने एकच सांगितलं आणि आईचा चेहरा न्याहाळत राहिली. आपण हातचं राखून बोललं की समोरचा स्वतःहून बोलायला लागतो, हे ती कामावर शिकली होती.

"नाही. हृदय थांबलं की काही वाढत नाही. केस नाहीत, नखं नाहीत."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हणजे ते जिवंत होते."

"कोण?"

"डॉक्टर सांगून गेले, त्यानंतर मी ह्यांची दाढी केली. वाढलेली दाढी त्यांना खपायची नाही ना. गाल अगदी गुळगुळीत केले होते मी. तू येईपर्यंत रात्रभर ठेवलं. सकाळी नेताना गालाला हात लावला, तर खुंट टोचले. गोळीच जास्त चढली असेल, झोपलेच असतील, असं वाटत राहिलं. पण वेडी म्हणतील म्हणून गप्प बसले. नेऊ दिलं मी त्यांना."

लेकीने आईचे दोन्ही हात धरले.

"आई, अगं नाही, ऐक. कातडी सुकते, आक्रसते, मागे सरते. आतला केस होता तेवढाच असतो, तो नुसता वर दिसायला लागतो. सगळ्यांचंच होतं तसं. मी कितीदा बघितलंय, पुस्तकात दाखवते, हवं तर आमच्या साहेबांना फोन लावून देते, तूच विचार..."

आईने आपले हात सोडवून घेतले आणि लेकीच्या डोक्यावरून मायेने फिरवले.

"लहानपणी खोटं बोलायचीस ना," ती म्हणाली, "तेव्हाही अशीच भरभर बोलायचीस."