काडीमात्र संबंध नाही

"हे वासरू आमचं आहे," संचालक म्हणाले, आणि वासराने त्यांच्या टेबलावरच्या फायलीचा कोपरा तोंडात घेतला.

दूधवाल्या काकूंनी दोरी ओढली. "तुमचं असेल, साहेब. पण मी त्याला कागद खायची सवय नाही लावलेली."

काकूंचं घर पशुसंशोधन केंद्राच्या कुंपणाला लागूनच. दोन गाई आणि हे सहा महिन्यांचं वासरू, एवढा त्यांचा संसार. वासरू धष्टपुष्ट होतं, डोळ्यांत खोडकरपणा होता, आणि त्याच्या कपाळावर शिंगाची साधी गाठसुद्धा नव्हती. हात फिरवला तर लाटण्यासारखं गुळगुळीत. तिथेच सगळी गोम होती.

कारण बिनशिंगी जनावर ही संचालकांची आयुष्यभराची कमाई होती. एक जनुक बदलून त्यांनी केंद्रात एक वळू जन्माला घातला होता, सतरा नंबर. यापुढे कुठल्याही वासराची शिंगं डागायला नकोत, गोठ्यात कुणाचं पोट फाटायला नको, असं ते प्रत्येक व्यासपीठावरून सांगत. सांगताना त्यांचा आवाज भरून येई. वळूचा फोटो त्यांच्या पाकिटात होता; बायकोचा घरी भिंतीवर होता. चाचण्या पुऱ्या होईपर्यंत हा वळू कुंपणाबाहेर जाता कामा नये, एवढी एकच अट परवान्यात होती.

"शेपटीचे केस तपासलेत आम्ही," शेजारी बसलेले वकील म्हणाले. "जनुक केंद्राचं, म्हणून वासरूही केंद्राचं. तुम्ही आमची मालमत्ता बेकायदा पाळताय, काकू."

काकूंनी वासराच्या मानेवर हात ठेवला. दोरी धरलेली मूठ पांढरी पडली होती. संचालकांनी ते पाहिलं आणि म्हातारी आता रडणार, या तयारीने पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

म्हातारी रडली नाही. पाणी मात्र प्यायली.

"घेऊन जा," ती म्हणाली. "बाप तुमचा, म्हणजे लेकरू तुमचं. मी कुठे नाही म्हणते? फक्त तसं लिहून द्या. उद्या कुणी म्हणायला नको, म्हातारीनं परस्पर विकून खाल्लं."

"देतो की! काय लिहायचं?"

"खरं तेच. तुमचा पहारेकरी दुपारी डबा उघडून बसला की सतरा नंबर ओढ्याकडच्या तुटक्या तारेतून माझ्या गोठ्यात यायचा. आणि हे पोर त्याचंच."

वकिलांनी उत्साहाने पेन उघडलं. पहिली ओळ झरझर उतरली. दुसरी जरा रेंगाळली. तिसरीत 'तुटक्या तारेतून' असं लिहिताना पेन जागच्या जागी थांबलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. वासरू सहा महिन्यांचं, आईच्या पोटात नऊ महिने. म्हणजे सव्वा वर्ष. त्या प्रत्येक महिन्याच्या अहवालावर संचालकांची वळणदार सही होती: एकही जनावर कुंपणाबाहेर गेलेले नाही. आणि परवाना तपासणारी समिती पुढच्याच आठवड्यात यायची होती.

ते संचालकांच्या कानाशी लागले. संचालकांचा चेहरा आधी तांबडा झाला, मग पांढरा. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. वासरू आपलं म्हणावं तर कुलूप केंद्राला लागणार, आणि नाही म्हणावं तर आयुष्यभराची कमाई ही म्हातारी दोरीला बांधून घरी नेणार. त्यांनी वासराकडे पाहिलं. किती देखणं होतं! असंच तर हवं होतं त्यांना. वीस वर्षं असंच हवं होतं.

त्यांनी घसा साफ केला. "काय आहे काकू, शिंगं नसलेली वासरं अशीही जन्मतात. निसर्ग आहे."

"आणि ते केस?"

"तपासणीत चुका होतात," वकील म्हणाले.

"म्हणजे तुमचं नाही?"

"नाही."

"आत्ताच तर आमचं म्हणालात."

"गैरसमज झाला."

"मग तेही लिहून द्या, साहेब. आज गैरसमज झाला, उद्या समज झाला तर मी कुठे जाऊ?"

संचालकांनी स्वतःच लिहिलं. 'सदर भुंड्या वासराचा या केंद्राशी अथवा केंद्रातील कोणत्याही वळूशी काडीमात्र संबंध नाही, पूर्वी नव्हता व पुढेही राहणार नाही.' खाली सही केली. शिक्का दाबला. त्या 'ठप्प' आवाजासरशी त्यांना एकदम हलकं वाटलं. केवढं संकट, एका कागदावर टळलं! गहिवरून त्यांनी वासराच्या कपाळावरून हात फिरवला. "न्या, काकू. सुखानं वाढवा."

काकूंनी कागद दोनदा वाचला, घडी करून पदराच्या गाठीत बांधला. दाराशी जाऊन त्या वळल्या.

"शिक्का आत ठेवू नका, साहेब."

"का?"

त्यांनी दार सताड उघडलं आणि बाहेर हाक दिली, "या गं! देताहेत लिहून!"

संचालक खिडकीशी धावले. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत माणसं ओळीने उभी होती. बायका, म्हातारे, कडेवर मूल घेतलेली एक सून. प्रत्येकाच्या हातात दोरी होती, प्रत्येक दोरीला एक वासरू होतं, आणि त्या अख्ख्या रांगेत एकालाही शिंग नव्हतं.