बुजवलेल्या तळ्यावरचं हुतूतू

चांद्याला स्टेडियम व्हायचं ठरलं, म्हणून वेशीबाहेरचं तळं बुजवून आधी मैदान केलं. पहिला सामना हुतूतूचा. तान्ह्या लेकराला मांडीवर घेऊन कुंता दोरीपाशी बसली होती. चढाईला तिचा नवरा इस्तारी गेला होता.

त्याचा दम साऱ्या गावात नावाजलेला. पण समोरच्यांनी त्याला धरलं, नव्या मातीत दाबलं. शिट्टी वाजली. इस्तारी उठला आणि अंग झटकत कुंताजवळ आला.

मैदानात मात्र हुतूतू चालूच राहिलं. आवाज इस्तारीचाच. खेळाडू सारे तोंड मिटून उभे.

"अजी, हे कोन बोलून राह्यलं?"

"मले काय मालूम? मी तं इथी आहो ना." तो कसनुसा हसला. "आन पोराले इकडे, घरी जाऊ."

त्याने हात पुढे केले, तशी लेकराने किंकाळी फोडली.

"काऊन रे राजा? बाप होय तुहा," कुंताने त्याला थोपटलं.

लेकरू मैदानाकडे वळलं आणि रडायचं थांबलं. बापाला पाहूनच हसायचं, तसं खुदकन हसलं. दोन्ही हात पसरले.

हुतूतू दोरीपाशी आलं होतं. कुंताच्या मांडीवरचा भार हलका होऊ लागला.