स्वप्नातली राखण

"गेलेले पेशंट रोज स्वप्नात येतात. 'सिस्टर, कूस बदला,' म्हणतात," नाशिकच्या हॉस्पिसमधली अंजली धोंडाबाईला हलकेच कुशीवर वळवत म्हणाली. "मेले तरी झोपू देत नाहीत मला."

"मेले ते मेले, वर छळतात बी?" चार दिवसांची सोबतीण धोंडाबाई खुदकन हसली. "देवळ्याला कांद्याची आख्खी चाळ राखलीय मी. माझा नंबर लागू दे, बघतेच एकेकाला."

मंगळवारी तिचा नंबर लागला. अंजलीनं तिला शेवटचं सरळ निजवलं, घरी येऊन पोटभर रडली आणि दुपारी आडवी झाली.

स्वप्नात दाराशी हीऽऽ रांग! उंबऱ्यावर काठी घेऊन धोंडाबाई.

"पोर आत्ता कुठं निजलीय. आपापली कूस आपण बदला, मुडद्यांनो!"