सिंगचा कोट

"सिंगजी, उद्यापासून ह्या येडीले दुकानात आणू नका," घनश्याम म्हणाला.

पूनमसिंगने खडूने आखलेल्या कापडावरून नजर उचलली नाही. यवतमाळच्या मुख्य रस्त्यावरचं नवं दुकान दुसऱ्या दिवशी उघडणार होतं. काचेची दारं, माणसाएवढा आरसा, आणि पाटीवर नुसतं 'सिंग'.

धंदा सुरू झाला तो दारव्ह्याच्या एका खोलीत, एका मशीनवर. पहिला गरम कोट एका वकिलाने शिवून घेतला. तो त्याच्या अंगावर असा बसला, की पुढच्या हिवाळ्यात कापसाचे जिनिंगवाले मापं द्यायला हजर. आमच्याकडे थंडी दोन महिने, पण कोटाचा तोरा बारा महिने! बासष्ट साली तर सिंगचा कोट नसला की जावई मांडवात उठून दिसेना. नागपूरहून मागणी येऊ लागली. सिंग म्हणजे पंजाबचा, लोकरीतला माणूस, हे लोकांनीच ठरवून टाकलं. पूनमसिंग हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. कापडाचा व्यापारी घनश्याम भागीदार झाला तो त्याच नावावर.

लालीबाई मागच्या कोपऱ्यात बसून काजं करी. म्हातारी बंजारा तांड्यावरची, आरशांची चोळी, कोपरापर्यंत बांगड्या. तिच्या काजात बटण आपसूक शिरायचं. पूनमसिंगची हाक कानावर येई, "येडी, जेवली का?" गिऱ्हाइकं हसत. मग सगळं दुकानच तिला येडी म्हणू लागलं. दुसऱ्या कुणी हाक मारली तर ती मान वर करत नसे. पूनमसिंगने मारली की तिचं तोंड फुलायचं. घनश्यामला वाटे, खरीच येडी. शिवी कोणती आणि माया कोणती, तेही कळत नाही बिचारीला.

"तिले राहू द्या," पूनमसिंग हळूच म्हणाला. "कुठं जाईन ते?"

"साहेब लोकायच्या बायका येतीन उद्या. त्यायच्यासमोर हे ध्यान?"

लालीबाईने ऐकलं. सुई रिळात खोचून ती उठली.

"मी जातो तांड्यावर, पूनम. तू टायमावर जेवत जाय."

पूनमसिंगच्या हातातला खडू मोडला. त्याने तिला थांबवायला हवं होतं. तो थांबवू शकला नाही.

नवं दुकान धडाक्यात चाललं. पौषात, ऐन हंगामात, लालीबाई वारल्याचा निरोप आला. पूनमसिंग कापलेलं कापड तसंच टाकून निघाला तो परतलाच नाही. गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी घनश्याम जीप करून आर्णीकडच्या त्या तांड्यावर गेला.

पूनमसिंग एका झोपडीपुढे मातीत बसला होता, डोक्याला फडकं गुंडाळून. रडून रडून डोळे सुजले होते. घनश्याम काही दुष्ट नव्हता. त्यालाही भरून आलं. तो शेजारी टेकला, पाठीवर हात ठेवला.

"कायले इतकं लावून घेता, सिंगजी? काजं करणारी दुसरी भेटन."



समोरच्या वाटेवर एक पोर धावता धावता ठेचकाळलं. गुडघा फुटला. "याडी! ए याडी!" म्हणत त्याने भोकाड पसरलं, आणि शेजारच्या झोपडीतून त्याची आई हातातलं टाकून धावत आली.