मधला वेळ

एजन्सीच्या बाईंचा सकाळी पुन्हा मेसेज आला. व्हिडिओ उघडतो, पण पुढे सरकवला की अडकतो. आख्खा दिवस बघत बसायला आमच्याकडे माणूस नाही. नीट चालणारी फाइल पाठवा. नेत्रा लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलापाशी बसली. आई आत झोपली होती. बाबा, म्हणजे प्रल्हादराव, ओट्यापाशी पालक निवडत होते.

तक्रार नेत्रानेच केली होती. आईच्या, सुहासिनीबाईंच्या, मनगटांवर काळेनिळे वळ उठले होते. कोणी केलं ते त्यांना सांगता येत नव्हतं. अलीकडे त्यांना मुलीचं नावही आठवत नव्हतं. त्यांना सांभाळायला एजन्सीकडून येणाऱ्या मंजुळाबेनना नेत्राने विचारलं, तर त्या मी नाही, मी नाही म्हणत रडायला लागल्या. त्या रडण्यानेच नेत्राचा संशय पक्का झाला. आईच्या खोलीत कपाटावर कॅमेरा होता. वळ उठले त्या दिवसाचं रेकॉर्डिंग तिने सकाळपासूनचं थोडंसं पाहिलं. मंजुळाबेन आईचा हात धरून तिला ओढतच बाथरूमकडे नेत होत्या. तेवढं तिला पुरलं. तिने सगळा दिवस एक्सपोर्ट करून एजन्सीला पाठवून दिला, आणि असं काही दिसलं तर सरकारी खात्याला कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे, हेही फोनवर ठणकावून सांगितलं. मंजुळाबेनचं काम थांबलं.

राहू दे, त्या बाईचं पोट आहे त्यावर, असं प्रल्हादराव तेव्हा म्हणाले होते. बाबा आधीपासूनच मवाळ, असं म्हणून नेत्राने ते सोडून दिलं होतं.

फाइलमधला दोष तिला लगेच सापडला. व्हिडिओ का अडकतात हे शोधणं हेच तिचं पोटापाण्याचं काम. अशा फाइलमध्ये पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं. मधल्या वेळात फक्त काय हललं तेवढीच नोंद. उडी मारून मध्येच कुठे जायचं तर जवळपास एखादं पूर्ण चित्र लागतं. या कॅमेऱ्याने ती फारच लांब लांब ठेवली होती. खोलीत एक म्हातारी बाई पलंगावर बसलेली, हलणार काय? नेत्राने पूर्ण चित्रं कमी कमी अंतरावर घालून फाइल नव्याने तयार केली आणि तपासायला म्हणून खालची पट्टी बोटाने पुढे सरकवली. आता ती कुठेही न अडकता सरकत होती. मंजुळाबेन आईला भरवत होत्या. मंजुळाबेन आईचे केस विंचरत होत्या. मग त्या पर्स उचलून गेल्या.

मंजुळाबेन दुपारी जायच्या आणि नेत्रा ऑफिसातून संध्याकाळी यायची. मधला वेळ बाबांचा. तो बघायचं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बोट तिथेच थांबलं.

"तुम्ही कोण? बाहेर व्हा. आमचे हे येतीलच आता," आई लॅपटॉपमधून म्हणाली.

"मीच गं तो," बाबांचा आवाज आला.

खोटं, असं आई म्हणाली. बाबांनी पुन्हा समजावलं, हसून, मायेने. आईने पुन्हा तेच विचारलं. कितीतरी वेळ ते चाललं होतं. मग पडद्यावरच्या प्रल्हादरावांनी तिची दोन्ही मनगटं धरली आणि पिळली. ती ओरडली तरी सोडली नाहीत. सोडली तेव्हा खाली जमिनीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊ लागले. आई आपली मनगटं चोळत त्या परक्या माणसाकडे बघत राहिली.

नेत्राने व्हिडिओ थांबवला. ओट्यापाशी पालकाच्या काड्या मोडण्याचा आवाज कधीच बंद झाला होता.

"कॅमेरा चालू असतो, हे मला माहीत होतं," प्रल्हादराव म्हणाले. "ऑफिसातून बघत जाईन, म्हणाली होतीस."

नेत्राला मान वळवता येईना.

"पहिल्यांदा झालं तेव्हा वाटलं, आता तुझा फोन येईल. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग वाटलं, उद्या येईल."

"सांगायचं होतंत, बाबा."

"तोंडातून नाही निघालं."

ते टेबलापाशी आले. थांबलेल्या चित्रात स्वतःला ओळखता न आल्यासारखे जरा वाकून बघत राहिले. मंजुळाबेनवरचा आळ निघायला हवा, पाठवून दे, असं ते म्हणाले. पाठवल्यावर काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं. कोणीतरी सरकारी माणूस दारात येईल. आईला कुठे ठेवायचं आणि बाबांनी या घरात राहायचं की नाही, ते तो ठरवेल. नेत्राने मेल उघडला आणि फाइल जोडली. मंजुळाबेनची माफी मागायला म्हणून चार शब्द लिहिले, पुसले, पुन्हा लिहिले. मग पाठवून दिलं.

फाइल मोठी होती, जायला वेळ लागला.

आतून आईची हाक आली.

"अहो, ऐकलंत का?"

कितीतरी महिन्यांनी तिने त्यांना अशी हाक मारली होती. प्रल्हादराव सवयीने खोलीकडे वळले, दोन पावलं गेले आणि थांबले. मग त्यांनी मागे वळून, जाऊ का असं विचारल्यासारखं, मुलीकडे पाहिलं.